४२ वर्षं वाळूत पुरलेली विक्रमी गाडी – बॅब्स

खारा_वारा (धागाकर्ता)

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कारमार्दनशायरमध्ये पेंडाइन नावाचं एक छोटं गाव आहे. गावापेक्षा किनाऱ्याचीच ख्याती जास्त. ७ मैल, म्हणजे साधारण ११ किलोमीटर सरळ आणि सपाट वाळू. ओहोटी लागली की ती चांगली घट्ट होते. ब्रिटनमध्ये तेव्हा एवढा लांब सरळ रस्ता मिळणं अशक्य, म्हणून १९२०च्या दशकात वेगाचे विक्रम करू पाहणारी मंडळी इथे येऊन ओहोटीची वाट बघत बसायची. माल्कम कॅम्पबेलने १९२४ मध्ये इथेच ताशी १४६.१६ मैलांचा विक्रम केला आणि पुढच्या वर्षी १५०चा आकडा ओलांडला.

३ मार्च १९२७ ला इथे जे. जी. पॅरी-थॉमस हा वेल्श इंजिनिअर आपल्या 'बॅब्स' गाडीतून विक्रम परत मिळवायला निघाला आणि अपघातात गेला. वय ४१. जमिनीवरच्या वेगाच्या विक्रमाचा प्रयत्न करताना मेलेला हा पहिला चालक. चौकशी उरकल्यावर गाडीचा सांगाडा तिथल्याच वाळूच्या टेकाडांत खड्डा खणून पुरून टाकला. त्याला मात्र सरेमधल्या बायफ्लीटच्या चर्चच्या आवारात दफन केलं.

१९६९ मध्ये बँगोर टेक्निकल कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या ओवेन विन ओवेन या गृहस्थांनी ती गाडी खणून काढली. जागा संरक्षण खात्याच्या हद्दीत गेली होती, त्यामुळे फावडं घेतलं आणि गेलो असा प्रकार नव्हता, रीतसर परवानगी लागली. पुढची सुमारे १५ वर्षं त्यांनी ती दुरुस्त करण्यात घालवली आणि चालू केली. आज ती बघायला मिळते.

तिचा आधीचा इतिहासही मजेशीर आहे. ही गाडी मुळात पॅरी-थॉमसची नव्हेच. काउंट लुई झ्बोरोव्स्की या गडगंज तरुणाने कँटरबरीजवळच्या आपल्या हायम पार्क इस्टेटीत विमानांची इंजिनं बसवलेल्या अजस्र गाड्या बांधायचा सपाटा लावला होता. त्यातली ही शेवटची, 'हायम स्पेशल'. पहिल्या महायुद्धातलं लिबर्टी जातीचं १२ सिलिंडरचं, २७ लिटरचं, ४५० अश्वशक्तीचं इंजिन. युद्धापूर्वीच्या ब्लिट्झन बेंझ या रेसिंग गाडीचा गिअरबॉक्स. आणि मागची चाकं फिरवायला दोन बाजूंनी सायकलसारखी चेन. ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर धावलेली ही सर्वात मोठ्या इंजिनाची गाडी. ती पुरती तयार व्हायच्या आतच ऑक्टोबर १९२४ मध्ये मॉन्झाच्या शर्यतीत मर्सिडीज चालवताना झ्बोरोव्स्की गेला. त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून पॅरी-थॉमसने ही गाडी १२५ पौंडांना उचलली. चार झेनिथ कार्ब्युरेटर लावले, स्वतः आरेखन केलेले पिस्टन घातले, नाव बदललं आणि एप्रिल १९२६ मध्ये पेंडाइनला येऊन १७१.०२ मैल (२७५ किमी) वेगाने जागतिक विक्रम केला.

४ फेब्रुवारी १९२७ ला कॅम्पबेलने त्याच वाळूवर तो मोडला. १७४.८८ मैल. म्हणजे १ किलोमीटर कापायला पॅरी-थॉमसला १३.०८ सेकंद लागले होते, कॅम्पबेलला १२.७९. पाव सेकंदाच्या वर थोडासा फरक. तेवढा भरून काढायला पॅरी-थॉमस महिनाभरात परत आला, तोही फ्लूमधून पुरता सावरलेला नसताना.

मला स्वतःला गाडीच्या विक्रमापेक्षा ते १९६९चं खणकाम जास्त रोचक वाटतं. जाणकारांनी भर घालावी.

---

भटका_सातारकर

मस्त धागा. वाचनखूण साठवली आहे.

ह्या माणसाबद्दल पूर्वी वाचलं होतं की धावताना चेन तुटली, ती चाबकासारखी उसळून कॉकपिटमध्ये आली आणि मान उडाली. तुम्ही तो भाग गाळला का मुद्दाम?

---

खारा_वारा

मुद्दामच गाळला. कारण ती ऐकीव कथा आहे आणि गाडी वर आल्यावर ती कथा टिकली नाही. दशकानुदशकं सगळीकडे हेच छापून येत होतं. उजव्या बाजूची चेन तुटली हे कारण, आणि बाकीचा अनर्थ परिणाम. खणून काढलेल्या गाडीची तपासणी झाल्यावर चेनच्या कथेला आधार मिळेना. उजवं मागचं चाक आधी निकामी झालं असावं आणि चेनचं जे काय झालं ते त्यानंतर, असा तर्क आता जास्त मानला जातो. गाडी ताशी १०० मैलांच्या वर असताना ताबा सुटला, उलटली, आणि त्याच्या डोक्याला जीवघेणी इजा झाली, एवढं नक्की.

---

टर्बोतात्या

चाकाचा तर्क मला पटतो. आकडेमोड करून बघा. चाकाचा व्यास टायरसकट ८५ सेंटिमीटर धरू. १७१ मैल म्हणजे सेकंदाला ७६ मीटर. चाक मिनिटाला १७०० च्या आसपास फेरे घेतंय. टायरच्या बाहेरच्या कडेला त्वरण येतं गुरुत्वाच्या साधारण १४०० पट. म्हणजे रबराच्या १०० ग्रॅमच्या तुकड्याला बाहेर ओढणारा जोर १४० किलोचा. हे सगळं त्या काळच्या तारांच्या चाकावर आणि त्या काळच्या रबरावर. वर वाळूतले खाचखळगे, ओहोटीने मागे ठेवलेली डबकी, शंख-शिंपले. एक आरा जरी सुटला तरी त्याचा भार शेजारच्यांवर जातो, मग धडाधड बाकीचे.

चेनला उगाच बदनाम केलंय लोकांनी. आजकालच्या पोरांना वाटतं चेन म्हणजे मागासलेपण. तसं नव्हतं. एवढ्या मोठ्या इंजिनाचा पीळ पेलेल असे मागच्या अ‍ॅक्सलचे गिअर तेव्हा खात्रीचे मिळत नव्हते. चेन असली की अ‍ॅक्सल साधा दांडा राहतो, वजन कमी, आणि गिअरिंग बदलायचं तर स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बदललं की झालं. किनाऱ्यावर तंबू ठोकून काम करणाऱ्याला ह्याहून सोयीचं काय? पण हेही खरं की १९२७ पर्यंत ती पद्धत मागे पडत चालली होती आणि कॅम्पबेलच्या गाडीला चेन नव्हती.

---

मृण्मयी_के

तात्या, आकडे भारी आहेत.

पण मला मूळ गोष्टच खटकते आहे. गाडी पुरली, ती कोणीतरी विचार करून पुरली ना? ज्या गाडीने माणूस गेला ती लोकांनी भंगारात विकू नये, तिचे तुकडे आठवण म्हणून घरी नेऊ नयेत, असाच हेतू असणार. मग ४० वर्षांनी एका हौशी माणसाने येऊन ती उकरायची, रंगरंगोटी करायची आणि प्रदर्शनात मांडायची. ह्याला पुनर्शोध म्हणायचं की आगाऊपणा?

---

बुलेटवाली

मृण्मयी, माणूस बायफ्लीटला पुरलाय. वाळूत होतं ते लोखंड. लोखंडाची समाधी बांधत नाहीत.

---

मृण्मयी_के

@बुलेटवाली, तुझ्यासाठी लोखंड. तिथल्या गावकऱ्यांसाठीही नुसतं लोखंडच असेल असं नाही. आणि मी समाधीबद्दल बोलत नाहीये, ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्याबद्दल बोलतेय.

---

खारा_वारा

हा वाद तेव्हाही झालाच असणार, मृण्मयी. पण एक गोष्ट लक्षात घे. तो भाग दुसऱ्या महायुद्धापासून लष्कराच्या शस्त्रचाचण्यांच्या हद्दीत आहे. म्हणजे ती 'समाधी' कुणी फुलं वाहायला जाईल अशी जागा राहिलीच नव्हती. वर तोफगोळ्यांच्या चाचण्या आणि खाली खारं पाणी. अजून ३०-४० वर्षं तशीच ठेवली असती तर नंतर उकरून काय हाती लागलं असतं, हे कुणीतरी धातूतलं कळणाऱ्याने सांगावं.

---

गंजनाशक

मला साद घातली म्हणून आलो. :)

समुद्राकाठच्या वाळूत गाडी पुरली की सगळे भाग सारख्या वेगाने सडत नाहीत. बॅब्सचा वरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, सांगाडा पोलादाचा, दोन्ही एकमेकांना चिकटलेले आणि भोवती मिठाचं पाणी. म्हणजे आपोआप बॅटरी तयार झाली. त्यात अ‍ॅल्युमिनियमचा बळी जातो आणि त्याच्या जिवावर शेजारचं पोलाद तगतं. म्हणूनच बॅब्सच्या बाह्यांगाची वाताहत झाली. हातात घेतलात तर असा पत्रा कडांना पांढऱ्या पिठासारखा भुगा सोडतो आणि मध्ये वर्तमानपत्रासारखा फाटतो. उलट पोलादाचे जाड भाग, आणि जिथे ग्रीस किंवा तेल अडकून राहिलं ते भाग, आश्चर्य वाटावं इतके बरे निघू शकतात. खोल आणि कायम ओल्या वाळूत प्राणवायू कमी पोचतो, तिथे गंज मंदावतो. सर्वात वाईट पट्टा म्हणजे जिथे पाण्याची पातळी रोज वरखाली होते तो.

आता मृण्मयी यांच्या मुद्द्याकडे. 'आहे तशी काढून आहे तशी ठेवा' हा पर्याय ऐकायला सोपा आहे. पण खाऱ्या जागेतून काढलेलं लोखंड हवेत आणलं की खरी गंमत सुरू होते. गंजाच्या थरांच्या आत क्लोराइड बसलेलं असतं. बाहेर येऊन सुकायला लागलं की ते फुलतं, थरच्या थर पापुद्रे सुटतात. बुडालेल्या जहाजांतून काढलेल्या तोफा म्हणून महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, सोडा किंवा कॉस्टिकच्या पाण्यात बुडवून ठेवतात, पाणी बदलत राहतात, मीठ उतरेपर्यंत. एक कॉलेजातला प्राध्यापक आपल्या घरी हे किती करणार? तेव्हा पर्याय दोनच: वाळूत हळूहळू संपू द्या, नाहीतर काढून स्वच्छ करून दुरुस्त करा. मधलं काही नाही. निदान स्वस्तातलं नाही.

---

भटका_सातारकर

वा! ह्या एका प्रतिसादासाठी धागा वर ठेवा.

---

चिंतामणराव

गंजनाशक, आमच्या अलिबागच्या घराच्या खिडक्यांचे गज बघायला या एकदा. समुद्र १ किलोमीटर लांब आहे तरी दर ५-६ वर्षांनी नवे.

अवांतर: किनाऱ्यावर गाड्या घालून रुतवणारे पर्यटक मी आयुष्यभर बघत आलोय. ओहोटीची ओली वाळू सिमेंटसारखी, आणि तिथून १० पावलं वर कोरडी वाळू म्हणजे सापळा. भरतीला पाणी वळसा घालून मागून येतं हे ह्यांना कळतच नाही. मग ट्रॅक्टरवाल्याचा दिवस सोन्याचा. त्यामुळे ताशी १७० मैलांनी वाळूवर जाणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर आणि शंका दोन्ही आहेत.

---

टर्बोतात्या

चिंतामणराव, शंका रास्त आहे. पेंडाइनचा मोठा दोष तोच होता. पृष्ठभाग रोज वेगळा, आणि ७ मैलांत वेग घ्यायचा, मोजलेला किलोमीटर किंवा मैल पार करायचा, थांबायचं, वळायचं आणि उलट दिशेने परत यायचं. विक्रम दोन्ही दिशांच्या सरासरीवर धरतात ना, वाऱ्याचा फायदा कुणाला मिळू नये म्हणून. १७० च्या पुढे ती जागा अपुरी पडायला लागली. पॅरी-थॉमस गेला ३ मार्चला, आणि २९ मार्चला हेन्री सेग्रेव्हने फ्लोरिडात डेटोना बीचवर सनबीमच्या १००० अश्वशक्तीवाल्या गाडीतून २०३.७९ मैल केले. २०० पार करणारा पहिला माणूस. त्या गाडीत २२.४ लिटरची दोन विमान-इंजिनं, एक पुढे एक मागे. कॅम्पबेलही पुढे डेटोनालाच गेला. १९३५ मध्ये तो युटाच्या बॉनव्हिलला मिठाच्या मैदानावर गेला आणि ३०० मैल ओलांडले. वाळूचा जमाना संपला.

पेंडाइनला नोव्हेंबर १९२७ मध्ये आणखी एक अपघात झाला. जुलिओ फोरेस्ती नावाचा इटालियन 'जेल्मो' गाडी घेऊन आला होता. गाडी उलटली, तो बाहेर फेकला गेला आणि वाचला. नशीब म्हणतात ते.

---

बुलेटवाली

मी जरा माझ्या धंद्यातलं बोलते. कोल्हापुरात जुन्या मोटरसायकली उभ्या करून देते.

१५ वर्षं लागली यात मला काहीच नवल वाटत नाही. लोकांना वाटतं रिस्टोरेशन म्हणजे डेंटिंग-पेंटिंग. खरं काम नट सोडवण्याचं असतं. मागच्या पावसाळ्यात एका विहिरीजवळच्या गोठ्यात पडून असलेलं जुनं ३५० चं इंजिन आणलं होतं. सिलिंडर हेडचे चार नट. पहिला तापवला, डिझेल सोडलं, रात्रभर ठेवला, सकाळी सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याने स्टडच तोडला, आत. मग तो ड्रिल करून काढा, नवीन आटे पाडा, इन्सर्ट घाला. चौथ्याला हात लावायची हिंमत होईना. एका बुलेटच्या चार नटांची ही कथा, तिथे २७ लिटरचं १२ सिलिंडरचं इंजिन ४२ वर्षं खाऱ्या वाळूत. त्या प्राध्यापक साहेबांना दंडवत.

आणि पार्ट कुठून आणले असतील? आमच्या उद्यमनगरात तुटका नग टेबलावर ठेवला की फाउंड्रीवाला पॅटर्न करून कास्टिंग पाडून देतो, लेथवाला टर्न करून देतो. पण नग तरी हातात लागतो. नगच खाऊन गेला असेल तर?

---

खारा_वारा

लिबर्टी इंजिनाच्या बाबतीत त्यांचं नशीब बरं होतं. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा पॅकार्डचे जेसी व्हिन्सेंट आणि ई. जे. हॉल या दोघांना वॉशिंग्टनच्या विलर्ड हॉटेलात बसवून ५ दिवसांत त्याचं आरेखन करून घेतलं. पुढे २० हजारांहून जास्त इंजिनं बनली. युद्ध संपल्यावर ती ढिगांनी शिल्लक होती, झ्बोरोव्स्कीसारख्याच्या हाती लागली ती म्हणूनच. त्यामुळे निदान हे इंजिन जगात एकमेव नव्हतं, त्याची माहिती उपलब्ध होती. पॅरी-थॉमसचे खास पिस्टन हा वेगळा विषय.

बाह्यांग मात्र जवळपास नव्यानेच घडवावं लागलं.

---

भटका_सातारकर

म्हणजे मग ती खरी बॅब्स राहिली का? पत्रा नवा, अर्धे भाग नवे. मला तर हे जुन्या वाड्याची चौकट ठेवून आत फ्लॅट बांधल्यासारखं वाटतं.

---

बुलेटवाली

सातारकर, सांगाडा कुठला आहे ते बघायचं. आरटीओसुद्धा चासी नंबर बघतं, पत्रा नाही बघत. :)

---

टर्बोतात्या

ह्या बाबतीत बॅब्स बरीच सोवळी आहे हो. फियाट एस७६ बघा. 'तुरीनचा राक्षस' म्हणतात तिला. १९१०-११ मध्ये दोन बांधल्या. ४ सिलिंडर, २८ लिटरच्या वर इंजिन, म्हणजे एकेक सिलिंडर ७ लिटरचा! १९१३ मध्ये बेल्जियमच्या ओस्टेंडला आर्थर ड्युरेने एका दिशेने १३२ मैल गाठले, पण परतीची फेरी पुरी करता आली नाही म्हणून विक्रम धरला गेला नाही. पुढे दोन्ही गाड्यांची वाट लागली. डंकन पिटवे नावाच्या इंग्रज माणसाने एकीचा सांगाडा ऑस्ट्रेलियात मिळवला, इंजिन दुसरीचं मिळवलं, बाकी जुन्या आराखड्यांवरून आणि फोटोंवरून घडवलं आणि २०१४ च्या सुमारास ती धडधडायला लागली. नळकांड्यांतून ज्वाळा ओकते. आता ही गाडी पहिली की दुसरी? मला फरक पडत नाही. तो आवाज शंभर वर्षं कुणी ऐकला नव्हता, तो ऐकायला मिळाला. माझ्यासाठी विषय संपला.

---

मृण्मयी_के

तात्या, तुमच्यासाठी संपला, माझ्यासाठी नाही. :)

खरी-खोटी गाडी हा माझाही मुद्दा नाही. वर धागाकर्त्याने सांगितलं की गाडी बाहेर आल्यामुळे चेनची कथा खोटी ठरली. ४२ वर्षं छापली जात असलेली गोष्ट एका खड्ड्याने मोडली. मान्य, हा खणण्याच्या बाजूचा माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा आहे, आणि आधी मी तो लक्षात घेतला नव्हता. पण मग पुढे काय केलं? तोच पुरावा तासला, सरळ केला, रंगवला. वाकलेला भाग सरळ केला की तो कुठल्या दिशेने वाकला होता हे कायमचं गेलं. उद्या कुणाला चाकाच्या तर्काबद्दल शंका आली तर तपासणार काय? चकाचक गाडी?

---

गंजनाशक

हा मात्र तिखट मुद्दा आहे. आजचे संवर्धक ह्यावर वर्षभर बैठका घेतील. प्रत्येक तुकड्याचे फोटो, मापं, तुटलेल्या पृष्ठभागाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, मगच हात लावायचा. धातू थकून तुटला की एका झटक्यात तुटला हे तुटलेल्या कडेवर वाचता येतं. थकून तुटला असेल तर किनाऱ्याच्या रेघांसारख्या बारीक वर्तुळाकार खुणा दिसतात. पण ४ दशकं मिठात पडलेल्या कडेवर त्यातलं किती शिल्लक असेल? मला वाटतं, बरंचसं वाळूनेच आधी पुसलं असणार. दुरुस्ती करणाऱ्याच्या माथी सगळं मारू नये.

---

मृण्मयी_के

बरोबर. माथी मारत नाहीये. फक्त एवढंच की 'गाडी पुन्हा चालू झाली' हे ऐकून आपण सगळे टाळ्या वाजवतो, तेव्हा त्या चालू होण्याची एक किंमत होती हे कुणीच बोलत नाही.

---

टर्बोतात्या

आणि चालू न ठेवण्याची किंमत? इंग्लंडमध्ये ब्यूलीच्या संग्रहालयात कॅम्पबेलची ३५० अश्वशक्तीची सनबीम आहे. ज्या गाडीने त्याने पेंडाइनला १९२४ आणि १९२५ चे विक्रम केले तीच. ती कधी वाळूत नव्हती, छपराखाली होती. तरी १९९३ मध्ये इंजिन सुरू करून बघितलं तर आतला तेलाचा मार्ग तुंबलेला निघाला आणि इंजिन जाम होऊन मोडलं. मग वर्षानुवर्षं काम करून २०१४ मध्ये परत सुरू केलं. उभी गाडी सुरक्षित असते हा गैरसमज आहे. बुलेटवाली सांगेल.

---

बुलेटवाली

+१. उभ्या गाडीचे सील सुकतात, टाकीत गंज धरतो, तेलाचा चिखल होतो. महिन्यातून एकदा तरी फिरवा म्हणून गिऱ्हाइकाला सांगते, तो घरी नेऊन दिवाणखान्यात ठेवतो.

---

चिंतामणराव

चर्चेत त्या माणसाबद्दल फारच कमी आलंय असं वाटतं. पॅरी-थॉमस हा रेसिंगच्या नादी लागलेला श्रीमंताचा पोरगा नव्हता. तो लेलँड मोटर्सचा मुख्य अभियंता होता. तिथे त्याने 'लेलँड एट' ही ८ सिलिंडरची अत्यंत महागडी गाडी काढली, तिचं इंजिन काळाच्या पुढचं होतं, गाडी मात्र फारशी खपली नाही. मग नोकरी सोडून तो ब्रुकलँड्सच्या ट्रॅकच्या आवारातच एका बंगलीत राहायला गेला, तिथेच कामाची शेड. स्वभावाने लाजरा, एकटा. गाडी चालवताना अंगात विणलेला रंगीत नक्षीचा स्वेटर. त्याच्याबरोबर काम करणारा रीड रेल्टन हा तरुण पुढे विक्रमी गाड्यांचा सगळ्यात नावाजलेला आरेखक झाला. कॅम्पबेलच्या नंतरच्या 'ब्लूबर्ड' या विक्रमी गाडीवर त्याचाच हात.

म्हणजे एकीकडे स्वतःचं डोकं चालवून गाड्या घडवणारा हा अभियंता, आणि विक्रमासाठी त्याने निवडलं काय, तर दुसऱ्याने अर्धवट सोडलेलं १२५ पौंडांचं धूड! खिशाचा प्रश्न असणार. मार्च १९२६ मध्ये सेग्रेव्हने साउथपोर्टला अवघ्या ४ लिटरच्या सनबीमने १५२.३३ मैलांचा विक्रम केला होता. ह्याने पुढच्याच महिन्यात २७ लिटरच्या धुडाने तो जवळजवळ १९ मैलांनी मागे टाकला. मला विचाराल तर कौशल्य सेग्रेव्हच्या ४ लिटरमध्ये जास्त दिसतं. पण पॅरी-थॉमसकडे सनबीमसारखी कंपनी पाठीशी नव्हती, हे विसरून चालणार नाही.

---

टर्बोतात्या

चिंतामणराव, ४ लिटरला सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप) होता, तोही विसरून चालणार नाही. आणि लिबर्टी इंजिन २००० फेऱ्यांच्या आसपास दमतं. विमानाच्या पंख्यासाठी बनवलेलं ते, त्याला गिअर बदलत वेग घ्यायला लावणं हेच मुळात कौशल्याचं. वजनही बघा. धूड म्हणालात ते खरं, पण त्या धुडाला १७१ पर्यंत नेणं म्हणजे नुसता पाय दाबणं नव्हे.

---

चिंतामणराव

पाय दाबणं म्हटलंच नाही मी. ४ लिटरवाल्याचं कौतुक केलं, एवढंच. तुम्ही लगेच बाह्या सरसावता.

---

भटका_सातारकर

तात्या-चिंतामणराव, चहा घ्या. :)

अजूनही पेंडाइनला काही होतं का? की सगळं लष्कराच्या ताब्यात?

---

खारा_वारा

होतं की. लष्कराच्या चाचण्या नसतील तेव्हा किनारा लोकांना खुला असतो आणि तिथे जुन्या धाटणीच्या गाड्यांच्या शर्यतीही भरतात. २०१५ मध्ये इद्रिस एल्बा ह्या नटाने तिथे बेंटली चालवून एका मैलाच्या अंतरावर ताशी १८०.३६१ मैलांचा वेग गाठला, कॅम्पबेलच्या १९२७ च्या आकड्यापेक्षा जास्त. आत एसी असलेली, नंबरप्लेट लावलेली गाडी. त्यावरून १९२७ च्या लोकांना कमी लेखायचं की जास्त, तुम्ही ठरवा.

ओवेन विन ओवेन २०१२ मध्ये गेले. गाडी धावताना बघायचं सुख त्यांना भरपूर मिळालं.

---

बुलेटवाली

डिसेंबरात भावाकडे लंडनला जातेय. पेंडाइनला एका दिवसात जाऊन येता येईल का? गाडी बघायचीच आहे आता.

---

खारा_वारा

डिसेंबरात पेंडाइनला जाऊ नकोस, हात हलवत परत येशील. गाडी उन्हाळ्यात पेंडाइनच्या संग्रहालयात असते (जुनी इमारत पाडून २०२३ मध्ये नवीन झालं आहे) आणि हिवाळ्यात ब्रुकलँड्स म्युझियममध्ये ठेवायची प्रथा आहे. ते सरेमध्ये वेब्रिजजवळ, लंडनहून लोकल ट्रेनने तासाभरात. तरी निघण्याआधी फोन करून विचार, कारण ती अधूनमधून कार्यक्रमांना बाहेर नेतात. ब्रुकलँड्सला जुन्या ट्रॅकच्या काँक्रीटच्या चढत्या भिंतीचा तुकडा अजून शाबूत आहे, त्यावर चालता येतं. बायफ्लीट तिथून अगदी जवळ. आणि गाडीजवळ गेलीस की चेन आणि मागच्या चाकांचे फोटो काढ, चालकाची जागा त्यांच्यापासून किती अंतरावर आहे ते कळेल असे. तात्यांना आकडेमोडीला लागतील.

---

टर्बोतात्या

स्प्रॉकेटचे दात मोजून आण. दोन्ही, पुढचं आणि मागचं.